तांब्याच्या डब्यापर्यंत : फिनलंड-स्वीडनमधले सहा दिवस

दुबईच्या हवामान परिषदेत २ डिसेंबर २०२३ रोजी वीसहून जास्त देशांनी जाहीर केलं, की जगाची अणुऊर्जा क्षमता २०५० पर्यंत २०२० च्या तिप्पट करायची. फिनलंड, स्वीडन आणि फ्रान्स त्यात होते, भारत नव्हता. सही करायला मिनिट पुरतं. त्यामागचं काम किती वर्षांचं आणि किती देशांच्या हातांचं असतं, ते बाल्टिक समुद्राच्या दोन्ही काठांवर सहा दिवसांत पाहून होतं. मराठी माणसाला या वाटेवर जायला एक जास्तीचं कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला ज्या ईपीआर जातीच्या सहा अणुभट्ट्या योजल्या आहेत, त्याच जातीची भट्टी इथे चालू स्थितीत दिसते.

पहिला दिवस : हेलसिंकी – पोर्वो – लोविसा

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. सकाळी बारा अंश, अंगावर एक स्वेटर पुरेल अशी हवा. लोविसाची बस काम्पीच्या जमिनीखालच्या स्थानकातून सुटते. तासभर हाताशी असेल तर आधी पश्चिमेला साल्मिसारीपर्यंत चालत जावं. तिथलं कोळशाचं वीज-उष्णता केंद्र १ एप्रिल २०२५ ला कायमचं थंड झालं. फिनलंडमध्ये घरं तापवायला शहरभर गरम पाण्याचे नळ फिरतात, आणि शहरांच्या कार्बनचा मोठा वाटा विजेपेक्षा या पाण्यातून येत असे. म्हणून इथे फक्त उष्णता देणारी ५० मेगावॉटची छोटी अणुभट्टी आखली जाते आहे. तिची चाचणी-प्रतिकृती याच बंद केंद्रात उभी करायचं ठरलं. तिच्यात अणुइंधन नसेल, पाणी विजेने तापवलं जाईल.

वाटेत पोर्वोला उतरून रुनेबर्ग केक खावा. बदामाचा, वर रास्पबेरी जॅम आणि साखरेचं कडं. हा मूळचा फेब्रुवारीतला पदार्थ, पण पोर्वोत वर्षभर मिळतो.

लोविसा हे स्वीडिश राणीच्या नावाचं, दोन भाषांचं गाव. पाट्यांवर फिनिश आणि स्वीडिश शेजारी शेजारी. अणुवीज केंद्र गावाबाहेर हेस्टहोल्मेन बेटावर आहे. आत जायचं तर गटाने, आधी ठरवून. इथल्या दोन भट्ट्या १९७७ आणि १९८१ च्या, सोव्हिएत व्हीव्हीईआर-४४० जातीच्या. मूळ सोव्हिएत आराखड्यात अपघातात किरणोत्सार आत कोंडणारं पाश्चात्त्य पद्धतीचं कवच नव्हतं. फिन लोकांनी ते मान्य केलं नाही. त्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कंपनीच्या परवान्याचं बर्फाचं कवच घेतलं. वाफेची नळी फुटली तर वाफ बर्फाच्या टोपल्यांमधून जाते, तिथेच तिचं पाणी होतं आणि आतला दाब आटोक्यात राहतो. नियंत्रण यंत्रणा जर्मन सीमेन्सची. शीतयुद्धाच्या ऐन मध्यात एका इमारतीत मॉस्को, पिट्सबर्ग आणि जर्मनी. अभियंत्यांनी तिचं नाव ‘ईस्टिंगहाउस’ पाडलं.

या भट्टीचं खरं दुखणं तिच्या पात्रात, म्हणजे इंधन ठेवलेल्या पोलादी भांड्यात होतं. व्हीव्हीईआर-४४० चं पात्र अरुंद, त्यामुळे न्यूट्रॉनचा मारा भिंतीवर जास्त बसतो आणि गाभ्याजवळच्या वेल्डमधलं पोलाद ठिसूळ होत जातं. उपाय दोन झाले. गाभ्याच्या कडेची इंधनजुडग्यांची जागा पोलादी ठोकळ्यांनी भरली, म्हणजे मारा कमी. आणि १९९६ मध्ये पहिल्या पात्राचं वेल्ड आतून तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवला, लोहार पोलाद नरमावतो तसा. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही भट्ट्यांना २०५० पर्यंतचा परवाना मिळाला. नवी भट्टी बांधण्याच्या बातम्या गाजतात, पण जुन्या भट्टीचं आयुष्य वीस वर्षांनी वाढवणं हा कार्बन टाळण्याच्या सर्वात स्वस्त मार्गांपैकी एक आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

इंधन आधी रशियाचं होतं. युक्रेन युद्धानंतर ते बदलायची घाई झाली, पण पेट्रोलपंप बदलावा तसं हे होत नाही. जुडगं षटकोनी, त्यात १२६ कांड्या. शेजारच्या रशियन जुडग्यासोबत पाण्याचा प्रवाह, उष्णता आणि नियंत्रण सगळं जुळावं लागतं आणि ते नियामकाला गणिताने पटवावं लागतं. स्वीडनमधल्या वेस्टेरोसच्या कारखान्यात बनलेली जुडगी २०२४ मध्ये दुसऱ्या भट्टीत पहिल्यांदा बसली. हीच जात चेक, स्लोव्हाक आणि हंगेरियन केंद्रांतही असल्यामुळे हे काम परवडलं, एकट्या देशाला ते झेपलं नसतं.

*लक्षात ठेवा :* केंद्रभेटीच्या अर्जात नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मध्ये येतं, कधी गळतं. फाटकावरच्या यादीत नाव जुळलं नाही तर गट पुढे जातो आणि माणूस बाहेर राहतो.

दुसरा दिवस : तुर्कूमार्गे राउमा

राउमाला प्रवासी रेल्वे नाही. भाड्याची गाडी घेणं सोयीचं, कारण पुढे ओल्किलुओतो बेटावर जायला धड बस नाही. तुर्कूपासून आठ क्रमांकाच्या हमरस्त्याने ९० किलोमीटर उत्तरेला.

जुनं राउमा १९९१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. सुमारे सहाशे लाकडी घरं, आणि त्यांत माणसं खरोखर राहतात. खिडकीत पडदे, दारात सायकल. एका दुकानात एक आजीबाई उशीवर लेस विणत होत्या. टाचण्या रोवलेली नक्षी, भोवती लाकडी फिरक्यांच्या जोड्या, आणि बोटं इतकी चपळ की कोणती फिरकी कुणावरून गेली ते डोळ्यांना पकडता येत नाही. जुलैत इथे लेससप्ताह भरतो. त्या आठवड्यात खोली मिळणं अवघड.

राउमाचं खास जेवण म्हणजे लापस्कोउसी. बटाटा, गाजर आणि मांस एकत्र शिजवून घोटलेलं, वर लोण्याचा गोळा. जहाजावरच्या खलाशांनी आणलेला पदार्थ. शाकाहारी मंडळींनी कारेलियन पिराका शोधावा. राईच्या पातळ पारीत भाताची खीर, भाजलेला. वर अंड्याचं लोणी वेगळं लावतात, नको म्हणता येतं. दुपारी ११ ते २ मध्ये बहुतेक ठिकाणी ‘लोउनास’ असतं. ठरावीक पैशांत सूप, सॅलड, ब्रेड, मुख्य पदार्थ आणि कॉफी. दोननंतर तेच जेवण बरंच महाग पडतं.

तिसरा दिवस : ओल्किलुओतो, तिसरी भट्टी

राउमाहून अर्ध्या तासात बेट. भूर्ज आणि पाइनची झाडी, अचानक उच्चदाबाच्या तारांचे मनोरे, आणि मग समुद्राकाठी पाहुणेकेंद्र. प्रदर्शन विनाशुल्क. आधी न कळवता गेलं तरी हे पाहता येतं. आतल्या भागासाठी गट हवा.

बेटावर तीन भट्ट्या. पहिल्या दोन स्वीडिश आसेआ-आटोमच्या, १९७८ आणि १९८० मध्ये वीजजाळ्याला जोडलेल्या. सुरुवातीला प्रत्येकी ६६० मेगावॉट, सुधारणा करत आज ८९०. तिसरी ईपीआर जातीची, फ्रेंच अरेवा आणि जर्मन सीमेन्स यांनी बांधलेली, १६०० मेगावॉटची. तिचं पात्र जपानमध्ये घडलं, बाष्पजनित्रं फ्रान्समध्ये, टर्बाइन जर्मनीत, आणि कवचाच्या आतलं पोलादी अस्तर पोलंडमध्ये.

जैतापूरच्या वाचकाने या भट्टीचं वेळापत्रक नीट वाचावं. काम सुरू झालं २००५ मध्ये, वीज द्यायची होती २००९ मध्ये. पहिली शृंखला-अभिक्रिया २१ डिसेंबर २०२१ ला झाली, जाळ्याशी जोडणी मार्च २०२२ मध्ये, आणि नियमित उत्पादन १६ एप्रिल २०२३ पासून. चौदा वर्षांचा उशीर एका मोठ्या चुकीने झाला नाही. पायाच्या काँक्रीटमध्ये पाण्याचं प्रमाण जास्त झालं, ते ठरल्यापेक्षा सच्छिद्र निघालं. पोलादी अस्तराच्या वेल्डिंगमध्ये दोष सापडले, काही भोकं चुकीच्या जागी पाडलेली. प्राथमिक नळ्यांच्या पोलादाचे कण इतके मोठे झाले, की अल्ट्रासाउंडची तपासणी आरपार वाचता येईना. न तपासता येणारी नळी धड असली तरी बसवता येत नाही, म्हणून त्या पुन्हा घडवल्या. मग संगणकीय नियंत्रण. मुख्य यंत्रणा आणि राखीव यंत्रणा एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र आहेत का, या प्रश्नावर नियामक संस्था स्टुक वर्षानुवर्षं अडून राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये, सगळं जुळलं असं वाटत असताना, चारही पाणीपुरवठा पंपांच्या पात्यांच्या चाकांना चिरा सापडल्या आणि आणखी काही महिने गेले.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती. काम सुरू झालं तेव्हा सविस्तर आराखडा पुरा झालेला नव्हता. आमच्या मते जैतापूरच्या चर्चेत पहिला प्रश्न दर युनिटला किती रुपये हा नसावा. पहिलं काँक्रीट ओतण्याआधी किती टक्के आराखडा तयार असेल, हा असावा.

आता समुद्राकडे. भट्टीची उष्णता ४३०० मेगावॉट, वीज १६००. उरलेलं पाण्यात जातं. त्यासाठी दर सेकंदाला सुमारे ५७ घनमीटर समुद्राचं पाणी आत ओढलं जातं आणि दहा-बारा अंशांनी गरम होऊन बाहेर पडतं. हिवाळ्यात सगळा किनारा गोठतो, पण सांडव्याचा खाडीचा तुकडा उघडा राहतो. याच उबेवर बेटावर एक छोटी द्राक्षबाग आहे. झिल्गा नावाची लाटव्हियन जात, जमिनीखालून गरम पाण्याचे नळ. ६१ अंश अक्षांशावर, ऑगस्टअखेरीस, निळे घोस लगडलेले. नाशिककरांना ही बाग इवलीशी वाटेल, पण पाहिल्याशिवाय राहवत नाही.

बाल्टिकचं थंड पाणी भट्टीला लाभतं. संघनकात, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागात, वाफ जितक्या थंड पाण्यावर विझते तितकी टर्बाइनला ओढ जास्त. कोकणात समुद्र वर्षभर कोमट, त्यामुळे तीच भट्टी तेवढ्याच उष्णतेत कमी वीज देईल, आणि बाहेर पडणारं पाणी आधीच कोमट असलेल्या समुद्रात मिसळेल. जैतापूरजवळच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी गरम पाण्याबद्दल विचारलेला प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अगदी नेमका आहे. त्याचं उत्तर ओल्किलुओतोच्या आकड्यांवरून देता येणार नाही, तिथल्याच समुद्रावर मोजून द्यावं लागेल.

जाळ्याची गोष्ट बहुतेक पाहुण्यांच्या नजरेतून सुटते. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि पूर्व डेन्मार्क यांचं वीजजाळं एका ठोक्यावर चालतं. १६०० मेगावॉट एका क्षणात गेले तर चारही देशांची वारंवारिता घसरेल. म्हणून फिनलंडची पारेषण कंपनी फिनग्रिडने मर्यादा घातली, की एका झटक्यात १३०० पेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाहीत. वरच्या ३०० साठी कारखान्यांशी करार आहेत. भट्टी पडली की त्याच क्षणी तेवढी मागणी आपोआप तोडली जाते. मोठी भट्टी बांधणाऱ्या कुठल्याही राज्याने आधी हा हिशेब मांडावा.

मालकीही वेगळी आहे. कागदगिरण्या आणि गावोगावच्या वीजसंस्था मिळून कंपनी काढतात. कंपनी नफा कमवत नाही. ज्याचा जितका हिस्सा, तितकी वीज त्याला खर्चाच्या भावात मिळते आणि तितकाच खर्च त्याने भरायचा. मालकांच्या बाजूने उशिराचा भार म्हणूनच कुणा एकावर कोसळला नाही.

*लक्षात ठेवा :* पाहुणेकेंद्रातून समुद्राकाठी पायवाट आहे. वारा बोचरा, टोपी हवी. केंद्राच्या दिशेने ड्रोन उडवू नका. केंद्राच्या आवारात कॅमेरा चालतो का, ते वाटाड्याला आधी विचारा.

चौथा दिवस : ओन्कालो आणि एउरायोकी

ओन्कालो म्हणजे पोकळी. वापरलेलं इंधन कायमचं ठेवायची जागा. प्रत्यक्ष बोगद्यात फक्त व्यावसायिक गटांना नेतात, पण प्रदर्शनात मांडणी इतकी चांगली आहे, की अर्धा दिवस सहज जातो.

तांब्याच्या डब्याजवळ थांबावं. बाहेरचा व्यास साधारण एक मीटर, भिंत ५ सेंटीमीटर जाड तांब्याची, आत बिडाचा ठोकळा आणि त्यात इंधनजुडग्यांसाठी खाचा. पहिल्या दोन भट्ट्यांची बारा जुडगी एका डब्यात मावतात, तिसऱ्या भट्टीची चारच, कारण ती मोठी आणि जास्त गरम. झाकण फिरत्या दांड्याच्या घर्षणाने जोडतात. तांबं वितळत नाही, मऊ होऊन एकजीव होतं, त्यामुळे वितळलेल्या वेल्डमधले बुडबुडे येत नाहीत. तांबंच का, तर खोल खडकातल्या पाण्यात ऑक्सिजन नसतो आणि तिथे तांबं टिकतं. निसर्गात शुद्ध तांबं खडकात सापडतं, ते यामुळेच. त्याचा शत्रू सल्फाइड, म्हणजे गंधकाचं संयुग. म्हणून भोवती बेंटोनाइट माती. मुलतानी मातीच्या कुळातली ही माती पाणी लागलं की फुगते, फटी बुजवते, पाण्याची हालचाल थांबवते आणि सल्फाइड बनवणाऱ्या जिवाणूंना वाढायला जागा देत नाही. मातीच्या चाचण्यांत आपल्या कच्छचं बेंटोनाइटही होतं. स्वीडन आणि फिनलंड या दोघांनी ते तपासलं.

पाच किलोमीटरचा उताराचा रस्ता, दहा मीटर चाललं की एक मीटर खाली, शेवटी सुमारे ४३० मीटर खोली. खडक जवळजवळ १९० कोटी वर्षांचा. बोगद्याच्या तळात आठ मीटर खोल विहिरी, प्रत्येकीत एक डबा. ही पद्धत मुळात स्वीडनने विकसित केली. फिनलंडने ती घेतली, सुधारली आणि स्वीडनच्या पुढे निघून गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये खरं इंधन न घालता रिकाम्या नमुन्यांवर संपूर्ण साखळीची चाचणी सुरू झाली.

इथवर यायला एक कायदा कारणीभूत झाला. लोविसाचं वापरलेलं इंधन १९९६ पर्यंत रशियाला परत जायचं. १९९४ मध्ये फिनलंडच्या संसदेने ठरवलं, की आपला कचरा आपल्याच जमिनीत. सोय गेली आणि काम सुरू झालं.

दुपारी एउरायोकी. जेमतेम नऊ हजार वस्तीचं गाव. फिनिश कायद्यात अशा प्रकल्पाला ग्रामपालिकेचा नकार अंतिम असतो, सरकारलाही तो ओलांडता येत नाही. इथल्या पालिकेने २००० मध्ये होकार दिला, संसदेने २००१ मध्ये. गावाला मालमत्ता कर मिळतो आणि तो मोठा आहे. वुओयोकीचा जुना वाडा कंपनीने भाड्याने घेतला, त्या व्यवहारातून गावात वृद्धांसाठी नवं निवासस्थान उभं राहिलं. काहींना हा सौदा खटकतो. आम्हाला त्यातली नकाराची ताकद महत्त्वाची वाटली. नाही म्हणता येणाऱ्या माणसाच्या होकाराला वजन असतं.

पैशांचंही तसंच. वीजकंपन्या १९८८ पासून दरवर्षी सरकारी निधीत भरतात. आजपर्यंत साठलेल्या कचऱ्याचा खर्च निधीत असायलाच हवा, कंपनी उद्या बुडाली तरी.

भारताचा मार्ग वेगळा आहे. आपण वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढतो, तारापूरला आणि ट्रॉम्बेला उरलेला तीव्र कचरा काचेत बंद करतो. त्याचं आकारमान पुष्कळ कमी. पण त्या काचेलाही शेवटी खोल खडकच लागणार आहे.

पाचवा दिवस : तुर्कूहून बोटीने

सकाळची बोट घ्यावी, रात्रीची नको. अकरा तासांत हजारो बेटांतून वाट काढत बोट ओलांड बेटांशी टेकते आणि संध्याकाळी स्टॉकहोमला लागते. वरच्या डेकवर जागा धरायची तर सुटण्याआधी अर्धा तास. बोटीवरचं जेवण महाग, तुर्कूच्या बाजारपेठेतून राईचा ब्रेड आणि भाजलेला मासा बांधून घ्यावा.

इथली जमीन वर येते आहे. हिमयुगातल्या बर्फाचा भार उतरल्यापासून ओल्किलुओतोजवळ वर्षाला सुमारे सहा मिलिमीटर. उद्या जिथे डबे पुरायचे तिथे पुढच्या हिमयुगाचा भार काय करेल, याचं गणित दोन्ही देशांनी मिळून मांडलं आहे.

सहावा दिवस : फोर्शमार्क

स्टॉकहोमपासून उत्तरेला दोन तास. जुन्या लोखंडकामाचं गाव, रांगेत पांढरी घरं, तळं, आणि पलीकडे तीन भट्ट्या. समुद्रतळाखाली ५० मीटरवर कमी आणि मध्यम तीव्रतेच्या कचऱ्याचं भांडार १९८८ पासून चालू आहे. त्याच परिसरात ५०० मीटर खोलीवर सहा हजार डब्यांच्या जागेचं काम जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं. २०१८ मध्ये न्यायालयाने तांब्याच्या गंजण्यावर शंका घेतली होती. त्यावर नवे प्रयोग करून उत्तरं द्यावी लागली, मगच २०२२ मध्ये सरकारने होकार दिला.

याच केंद्रात २५ जुलै २००६ ला बाहेरच्या यार्डात शॉर्टसर्किट झालं. विजेचा झटका आतपर्यंत पोचला आणि चार अखंड वीजपुरवठ्यांपैकी दोन बंद पडले. त्यांच्या आधाराने चालणारे दोन डिझेल जोडलेच गेले नाहीत. चारही संच एकाच बनावटीचे, म्हणजे एकाच झटक्याला एकसारखे हळवे. उरलेल्या दोघांनी निभावलं. हा अहवाल जगभरच्या केंद्रांत गेला आणि अनेकांनी आपापल्या यंत्रणा तपासल्या.

आणि २८ एप्रिल १९८६. सोमवारची सकाळ. केंद्रातल्या एका कर्मचाऱ्याने किरणोत्सार मोजणाऱ्या दारातून पाऊल टाकलं आणि घंटा वाजली. दोष त्याच्या बुटांत होता. आधी सगळ्यांना वाटलं, आपल्याच भट्टीत गळती आहे. पण बुटावरची मूलद्रव्यं तिथल्या भट्टीशी जुळेनात. पावसाने जमिनीवर उतरवलेला तो गाळ चेर्नोबिलचा होता. अपघाताला दोन दिवस उलटले होते आणि मॉस्कोने कुणाला काही कळवलं नव्हतं. त्या रात्री सोव्हिएत दूरदर्शनवर पहिली त्रोटक बातमी आली. पाच महिन्यांत, २६ सप्टेंबर १९८६ ला, व्हिएन्नात करार झाला, की अपघात झाला तर शेजाऱ्यांना ताबडतोब कळवायचं.

*लक्षात ठेवा :* भांडाराची भेट आधी नोंदवावी लागते. सार्वजनिक वाहनाने उप्सालाहून ओस्थामारपर्यंत बस आहे, पुढे गाडी लागते. शनिवार-रविवारी बसफेऱ्या विरळ होतात. पायात जाड तळव्यांचे बंद बूट घाला. भांडारात जमीन ओली असते, आणि खाली वर्षभर थंडी.